पाच मॅच आणि पाच घरं

३ फेब्रुवारी, मंगळवार

फायनलमध्ये गेल्या! देवापाशी वाती वळत बसले होते, तर विनीताचा फोन — "आई, जिंकलो आम्ही! अब सीधे फायनल!" सुनेचा आवाज एवढा मोठा की ह्यांनी आतून विचारलं, काय झालं? म्हटलं, साखर काढा.

बास्केटबॉलची फायनल म्हणजे एक मॅच नव्हे म्हणे. पाच! तीन जिंकेल त्याचा चषक. आपली माळवा मशाल आणि समोर कोचीच्या मुली. परवा आणि शनिवारी इंदूरला, पुढच्या दोन कोचीला, आणि बरोबरी झाली तर पाचवी पुन्हा इंदूरला. तीही नेमकी महाशिवरात्रीला.

आणि मग संपलं. शब्द आहे. गेल्या वर्षी साखरपुड्याआधी टेकडीवर थोरल्या मातेसमोर, भवानीसमोर, मीच तिच्या हातात भंडारा ठेवला — "एक सीझन खेळ. मग घर." तिने डोळे मिटून भंडारा उचलला. सोयरीक जमवणारे जगदेवराव साक्षीला होते. तेव्हा पायऱ्या उतरताना मला किती हलकं वाटलं होतं! घरात माणूस हवं, लोकांची तोंडं बंद हवीत, एवढंच डोक्यात होतं.

आज तिचा तो आवाज ऐकला. वात वळायची राहिली.

४ फेब्रुवारी, बुधवार

आमचा लेक योगेंद्र पिथमपूरहून फोनवर बोलता बोलता बोलून गेला की मॅचच्या वेळी विनीताचं मंगळसूत्र लॉकरात असतं. लॉकरात! सीझनभर! तिथे चपला, मोजे, काय काय असेल!

लगेच तिला फोन केला. "फायनल आहे. गळ्यातलं उतरवायचं नाही. वर्ष तरी पुरं होऊ दे लग्नाला." ती म्हणाली, "आई, रूल है..." मी म्हटलं, "आतून घाल. कुणाला दिसतंय?" ती म्हणाली, "ठीक आहे, आई."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल हरलो. ५८–६६. आणि चूक माझी.

तिने मंगळसूत्र जर्सीच्या आत पट्टीने चिकटवलं होतं. धावताना सुटलं, बाहेर आलं. रेफ्रीने शिट्टी मारून खेळच थांबवला. दागिना चालत नाही, कुणाला लागेल! सगळं स्टेडियम बघतंय, कॅमेरा थेट तिच्या गळ्यावर, आणि माझी सून मान खाली घालून मंगळसूत्र काढतेय. मोबाइलवर आम्ही दोघं बघत होतो.

त्यानंतर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हातातला बॉल दोनदा सुटला. कोचने बेंचवर बसवलं ते बसवलंच.

आज सकाळी धारहून थोरल्या जाऊबाईंचा फोन. मला माहीतच होतं येणार.
"बघितलं हो तुझ्या सुनेला! अर्ध्या चड्डीत, अख्ख्या देशापुढे मंगळसूत्र उतरवताना! आणि पॉइंट किती केले गं इंदू?"
"दोन."
"दोन! दोन पॉइंटांसाठी वर्षभर एकटी पोळ्या लाटतेस होय?"

मी "आमटी उतू जातेय" म्हणून फोन ठेवला. आमटी चढवलीच नव्हती. देवा, खोटं बोलले, क्षमा कर.

दुपारी विनीताला फोन. माफी मागायची होती, पण सुनेची माफी कशी मागतात ते कुणी शिकवलेलं नाही. म्हटलं, "उद्या मी येते. लॉकर नको आणि जर्सीही नको. मॅच होईपर्यंत ते माझ्या गळ्यात राहील." ती म्हणाली — "सच्ची, आई? तुम्ही येणार?"

८ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो! ६८–६२! एक-एक बरोबरी.

काल दुपारी निघतानाच शेजारच्या उमाबाईंनी बेत काढून घेतला. "दोन मंगळसूत्रं आणि नवरा एकच! भगवंतरावांना विचारलंत का, इंदूताई?" हे पायरीवर पेपर वाचत होते, कानापर्यंत लाल झाले.

इंदूरचं ते स्टेडियम म्हणजे काय उजेड! मॅचच्या आधी विनीता धावत कठड्यापाशी आली, गळ्यातलं काढलं, आणि वाकून माझ्या गळ्यात घातलं. हात घामेजलेले, गार. "जाते, आई." नऊ नंबर पाठीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "आपकी बेटी है?" म्हटलं, "बहू है." बाई जरा सरकून बसली. जागा करून दिली.

खेळ मला कळत नाही. पण वही-पेन्सिल पिशवीत होतीच. हात मोकळा ठेवायची सवय नाही. पान दुमडून जमा आणि नावे असे दोन रकाने पाडले. ठरवलं, विनीताने केलेले पॉइंट जमेला लिहायचे. चार पाळ्या, दहा-दहा मिनिटांच्या. पहिल्या पाळीत जमेला काही नाही! रकाना कोरा. मला तो बघवेना. मग नियम बदलला — ती मैदानावर आहे तोवर आपल्या पाचही जणींचे पॉइंट जमा, कोचीचे नावे. ती बेंचवर गेली की खाली रेघ, नवं खातं. पहिल्या पाळीत ती सगळा वेळ आतच होती, म्हणून तिचे फळ्यावरचे आकडे तसेच उतरवले.

आज देवपूजा झाल्यावर बेरीज केली. तीनदा केली.

विनीता आत असताना: जमा ४१, नावे २९.
विनीता बाहेर असताना: जमा २७, नावे ३३.

तिचे स्वतःचे फक्त चार! पण ती असताना आपण बारा पुढे, ती नसताना सहा मागे! मग आठवायला लागलं मी काय काय पाहिलं ते. कोचीची ती ताडासारखी चौदा नंबर — विनीता समोर असली की तिला बॉलच मिळत नाही. विनीता ओरडून इतर मुलींना जागा दाखवते. पडते, उठते, दुसऱ्या पडलेल्या मुलीला हात देते. ह्याचे पॉइंट कुठे लिहितात?

ह्यांना वही दाखवली. चष्मा लावून बघत बसले. "म्हणजे घरातल्या बाईसारखंच," म्हणाले. "असते तेव्हा कळत नाही." इतक्या वर्षांत मला उद्देशून हे असं पहिल्यांदाच काही बोलले असतील. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तोच दिवस, संध्याकाळी

विनीता चार तासांसाठी घरी आली होती. उद्या कोचीचं विमान. मेथी निवडायला बसली तेव्हा तिच्यापुढे वही धरली. आधी अडखळत वाचलं. हिंदी शाळेत शिकलेली, माझं मराठी अक्षर तिला नीट लागत नाही. (बरंच आहे. ही रोजनिशी तिला वाचता यायची नाही.) मग एकदम ओरडली — "आई, ये तो प्लस-मायनस है! कोचच्या लॅपटॉपमधे येतो हा. तुम्ही हातानं काढला?" हसली. माझ्या गळ्यात पडली, मेथीसकट.

मग देठ तोडता तोडता सांगितलं — टीमला ती अजून तीन वर्षं हवी आहे. सतरा तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. "मी ‘नाही’च बोलणार. तशी चिठ्ठी लिहून ठेवलीय."
"का गं?"
"भंडारा उचलला ना, आई."

ना रुसवा, ना टोमणा. मेथी धुवायला उठली. तिने भांडण केलं असतं तर माझी सुटका झाली असती.

९ फेब्रुवारी, सोमवार

विनीताचं विमान गेलं. मंगळसूत्र माझ्याकडे. दोन्ही घालूनच भाजी आणली.

११ फेब्रुवारी, बुधवार

काल कोचीत हरलो. ६१–७०. विनीताचे पाच फाऊल झाले, म्हणजे बाहेर, परत आत येता येत नाही. ती असताना जमा ३५, नावे ३३. ती गेल्यावर जमा २६, नावे ३७! माझी पेन्सिल नावेच्या रकान्यात नुसती धावत होती. आता कोची दोन, आपण एक. उद्या हरलो तर संपलंच.

आज हे बाजारात गेल्यावर अण्णांना फोन लावला. सासरे माझे, शहाऐंशी वर्षांचे, धारला थोरल्या घरी असतात. देवाधर्माचं आमच्यात त्यांनाच विचारायचं. आधी इकडचं-तिकडचं विचारलं. मग विचारलं — देवीपुढे घेतलेला शब्द परत सोडवता येतो का?

अण्णांचा आवाज खणखणीत — "शब्द कोणी दिला आणि कोणी घेतला?"
"सुनेने दिला, अण्णा. मी घेतला."
"मग तिच्याने सुटणार नाही. ज्याने घेतला त्याने पदर पसरावा. पाच घरी जोगवा मागायचा. वार मंगळ किंवा शुक्र. एका दिवसात नाही झाला तरी चालेल, पण पाच घरं पुरी होईतो पायांत वहाण नाही. आणि प्रत्येक उंबऱ्यावर कशासाठी मागतेस ते तोंडाने सांगायचं."
"कोणती घरं?"
"तीन तुझ्या मनाची. चौथं थोरलं घर. पाचवं, ज्याचा शब्द बांधलास त्याचं."

थोरलं घर म्हणजे जाऊबाईंचा उंबरा! तिथे जाऊन, अनवाणी, हात पुढे करून, सुनेला खेळू द्या म्हणून!

फोन ठेवला. देव्हाऱ्याच्या मागे सासूबाईंची परडी आहे, नवरात्रातच निघते. काढली. पुसली. परत ठेवली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दोन-दोन! ६४–५९! कोचीत जाऊन जिंकल्या पोरी! तीन मिनिटं उरलेली असताना कोचने विनीताला आत घेतलं आणि तिथून कोचीचे फक्त दोन पॉइंट झाले. दोन! ह्यांनी मांडीवर थाप मारली ती माझ्या मांडीवर.

परडी पुन्हा काढली. या वेळी परत ठेवली नाही. कवड्यांची माळ पुसून वर ठेवली आणि चपला पलंगाखाली सारल्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काल चार घरं झाली. पाय सुजलेत, पण लिहायला हवं.

पहिलं उमाबाईंचं. "आई भवानीचा जोगवा!" दोनदा म्हणावं लागलं. उमाबाई हसायच्या तयारीत दारात आल्या, माझे पाय बघितले आणि दारातच थांबल्या. मी सांगितलं, "सुनेच्या पायात मी शब्द बांधलाय, तो सोडवायला निघाले." आत गेल्या, सूपभर पीठ घेऊन आल्या. "इंदूताई, परडी मोठी आणायची होती ना!"

दुसरं गल्लीच्या टोकाच्या नीतू भाभींचं. त्यांना हे काही माहीत नाही, पण "माताजी का है" म्हटल्यावर डोक्यावर पदर घेऊन आल्या. कारण सांगितलं. "हाय राम, आंटीजी, सासू ऐसा भी करे है?" मीठ घातलं आणि मला वाकून नमस्कार केला. मला नको होता तो. मी काय मोठं केलं? माझीच गाठ, मीच सोडवते आहे.

तिसरं जगदेवरावांचं. भंडारा उचलताना तेच साक्षीला होते, त्यांना कळायलाच हवं. "वहिनी, तेव्हा मी म्हटलं होतं तुम्हाला, राहू द्या." खरंय, म्हणाले होते. मीच ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरून तांदूळ.

मग धारची बस. परडी मांडीवर, माळ गळ्यात, आणि गळ्यात मंगळसूत्रं दोन. अनवाणी. कंडक्टरने विचारलं, "माताजी, मानता है क्या?" म्हटलं, "हो भिया, मानता आहे, नवस." धारच्या स्टँडपासून घरापर्यंत रस्ता नवीन करताहेत, सगळी खडी. पाऊल टाकेन तिथे टोचे.

जाऊबाईंनीच दार उघडलं. बघतच राहिल्या. मी सगळं सांगितलं, एका दमात, मध्ये थांबले असते तर पुढे बोलताच आलं नसतं.
"वेड लागलंय तुला," म्हणाल्या. "सून खेळणार आणि तू भीक मागणार?"
"भीक नाही, जोगवा."
"आणि घर कोण बघणार?"
"मी बघते आहेच. तीही बघते. ती असली की सगळं बारा पुढे असतं." त्यांना काय कळणार त्यातलं!

दाराला धरून उभ्या. ना आत घेत, ना जा म्हणत. आतून अण्णांची काठी वाजली — "थोरल्या सूनबाई, जोगवा उंबऱ्यावर थांबवू नये."

जाऊबाई आत गेल्या. बराच वेळ आल्याच नाहीत. आल्या त्या ओंजळ भरून गहू घेऊन. परडीत घातले, काही सांडले, ते वेचायला खाली बसल्या. मान वर न करता बोलल्या —
"मला नालछ्याच्या शाळेत नोकरी लागली होती. ऑर्डर आली होती घरी. सासूबाईंनी नको म्हटलं. माझ्यासाठी कुणी आलं नाही जोगवा मागायला."

बत्तीस वर्षं जावा आम्ही. मला ठाऊक नव्हतं! मीही खाली बसले. दोघी मिळून गहू वेचले. मग त्यांनी माझे पाय पाण्याने धुतले. मी नको नको म्हणत राहिले. निघताना म्हणाल्या, "उद्या नाही, परवा मॅच ना? कोणत्या चॅनलवर गं?"

१६ फेब्रुवारी, सोमवार

सगळं लिहायचं आहे. एकही गोष्ट सुटायला नको.

काल शिवरात्र. उपास, सकाळी महादेवाला बेल वाहिला, मग इंदूर. हेही आले! पिथमपूरहून योगेंद्र आला, रजा टाकून. स्टेडियमच्या दारावर चौकीदार — "अम्मा, चप्पल कहाँ?" म्हटलं, व्रत आहे. कठड्यापाशी विनीतानेही पाय बघितले. "आई, काय झालं?" तिलाही तेच सांगितलं. खोटं नाही ते. माझ्या गळ्यातलं तिचं मंगळसूत्र नीट केलं, आणि या वेळी वाकून पायांना हात लावला. खडीने फुटलेल्या टाचेला लावला आणि हात तसाच कपाळाला नेला. पुढचं मला धूसरच दिसलं.

खेळ असा की श्वास घ्यायला उसंत नाही! तिसऱ्या पाळीअखेर आपण चार मागे. ह्यांनी रताळ्याचा तुकडा हातात धरलेला, तो तोंडापर्यंत गेलाच नाही. शेवटची पाळी, विनीता आत. बरोबरी. मग दोन पुढे. ७१–६९. नऊ सेकंद उरले आणि बॉल कोचीच्या हातात.

चौदा नंबर निघाली. ती सरळ आपल्या जाळीकडे, लांब लांब ढांगा टाकत. सगळं स्टेडियम उभं. आणि विनीता धावली नाही. उडी मारली नाही. हातही वर केले नाहीत, छातीशी घट्ट धरले. ती नुसती वाटेत जाऊन उभी राहिली. पाय रोवून. ती ताडासारखी मुलगी येऊन तिच्यावर आदळली, विनीता पाठीवर घसरत लांबवर गेली, बॉल जाळीत गेला, आणि शिट्टी!

मला वाटलं गेलं सगळं. पेन्सिल नावेच्या रकान्यावर टेकलेली. योगेंद्र ओरडला, "आई, लिहू नकोस! फाऊल तिचा आहे! चौदा नंबरचा! विनीता आधीपासून उभी होती!" जो आधी येऊन पाय रोवून उभा राहील त्याला धडक दिली तर दोष धडक देणाऱ्याचा. असा नियम आहे! किती बरोबर नियम आहे!

बास्केट धरली नाही. बॉल आपल्याला. नऊ सेकंदांतले उरलेले दोन. संपलं. जिंकलो! जिंकलो!

मुली एकमेकींवर पडल्या, नाचल्या. विनीता पाठ चोळत उठली आणि आधी कठड्याकडे बघितलं.

तिचे पॉइंट तीन. ती असताना जमा ४८, नावे ३९. नसताना जमा २३, नावे ३०. आजच्या पेपरात फोटो सगळ्यांचा आहे, ती कडेला अर्धी दिसते आणि बातमीत नावच नाही. म्हणून इथे लिहून ठेवते. विनीता योगेंद्र, नऊ नंबर. उभी राहिली. जिंकलो.

धारहून फोन आला होता. जाऊबाई रडत होत्या की हसत होत्या, कळलं नाही. "हललीच नाही गं ती! हललीच नाही!"

ती आता माजघरात झोपली आहे, पाठीला शेक घेऊन. उशापाशी चिठ्ठी. उद्या सतरा.

उद्या पहिल्या बसने बागलीला जायचं ठरवलं होतं, तिच्या माहेरी, पाचव्या घरासाठी. येते म्हणून कळवायला विहीणबाईंना फोन केला. कारण सांगितलं. त्या घाबरल्याच. "नहीं नहीं, ताई, इकडे कशाला? हमने तो आपको दे दी. अब उसका घर तो वही है. यहाँ तो वो मेहमान है."

त्या सौजन्याने बोलल्या. मी फोन ठेवला आणि बागलीसाठी भरलेली पिशवी रिकामी केली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बागलीला गेले नाही. अमावास्या असली तरी वार देवीचा. आंघोळ केली, परडी घेतली, मागच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

विनीताने उघडलं. हातात चिठ्ठी.

"आई भवानीचा जोगवा."
"आई? अहो, आत या ना! आपल्याच घरी काय..."
"आधी विचार, कशासाठी."
तिने विचारलं. मी सांगितलं. चार उंबऱ्यांवर जे बोलले तेच, पायांचंसुद्धा.

ती आत गेली. डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज. तांदळाचा डबा तिला अजून सापडत नाही. मी बाहेरून सांगितलं नाही. परत आली तेव्हा हातात चिठ्ठी नव्हती. ओंजळ काठोकाठ भरलेली होती. एक दाणा सांडला नाही.

"आई," म्हणाली, "आता चप्पल घाला."